प्राग पाहायचं तर पायी

आपल्याकडून युरोपला जाणाऱ्या बहुतेकांना तिथली शहरं दिसतात ती बसच्या काचेतून. सकाळी नाश्ता, मग बस, चौकात उतरून फोटो, पुन्हा बस. परत आल्यावर फोटो चाळताना हे चर्च व्हिएन्नाचं की बुडापेस्टचं, यावर घरात वाद होतो. एवढा खर्च करून, एवढ्या लांब जाऊन शहराशी ओळखच होऊ नये, ही खरंच वाईट गोष्ट आहे. त्यावर एक साधा उपाय आहे. सहलीतला एक पूर्ण दिवस एकाच शहराला द्या आणि तो दिवस पायी घालवा.

असा दिवस घालवायला चेक प्रजासत्ताकाची राजधानी प्राग फार सोयीची आहे. मधून वल्टावा नदी वाहते. एका काठावर जुनं गाव आहे, दुसऱ्या काठावर टेकडी आणि तिच्यावर किल्ला. दोन्हींमधलं अंतर दोन किलोमीटरच्या आसपास. चुकलात तरी नदी गाठली की पुन्हा दिशा सापडते. खाली सुचवलेला रस्ता सगळा मिळून साधारण आठ किलोमीटरचा आहे आणि त्यासाठी सकाळी सातपासून संध्याकाळपर्यंतचा वेळ धरला आहे. वेळ मुद्दाम जास्त धरला आहे, कारण चालण्याइतकंच महत्त्व बसण्याला आणि रेंगाळण्यालाही आहे.

निघण्याआधी

सगळ्यात आधी बुटांचं बघा. प्रागचे रस्ते ग्रॅनाइटच्या छोट्या घनाकार दगडांचे आहेत आणि फुटपाथही बारीक दगडी तुकडे जोडून, नक्षी काढून केलेले आहेत. दिसायला सुंदर, पण पातळ तळव्याच्या चपलांना त्रासदायक आणि पावसात निसरडे. सहलीसाठी घेतलेले कोरे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. महिनाभर आधी इथेच वापरून पायाला सवय करून घ्या.

एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने चालायला उत्तम. जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो. डिसेंबरमध्ये चारच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे हिवाळ्यात हाच कार्यक्रम जवळजवळ निम्मा करावा लागेल.

पिशवीत पाण्याची बाटली ठेवा. तिथलं नळाचं पाणी पिण्यायोग्य असतं, हॉटेलातून बाटली भरून निघता येतं. अंगावर एक पातळ जाकीट असू द्या. चेक प्रजासत्ताक युरोपीय संघात असलं तरी तिथे युरो नाही, कोरुना हे चलन चालतं. जवळजवळ सगळीकडे कार्ड घेतात. तरी स्वच्छतागृहासाठी थोडी नाणी जवळ हवीत. रोख पैसे बँकेच्या एटीएममधून काढा. मशीनने ‘रुपयांत रूपांतर करू का’ असं विचारलं तर नाही म्हणा आणि कोरुनाच निवडा, नाहीतर दर महाग पडतो. रस्त्यात कुणी पैसे बदलून देतो म्हणालं तर थांबूसुद्धा नका.

ट्राम, मेट्रो आणि बस तिन्हींना एकच तिकीट चालतं. २४ तासांचं तिकीट काढलंत की दिवसभर डोक्याला ताप नाही. कागदी तिकीट असेल तर पहिल्यांदा चढताना ते यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का उमटवून घ्यावा लागतो. हे राहून गेलं तर तिकीट खिशात असूनही दंड होतो.

सकाळी सात वाजता: घड्याळ, चौक आणि पूल

सुरुवात ओल्ड टाउन स्क्वेअरपासून करा. दहानंतर या चौकात उभं राहायला जागा नसते. सातला तो जवळजवळ मोकळा असतो. जुन्या नगरभवनाच्या भिंतीवरचं खगोलीय घड्याळ १४१० सालचं आहे. दर तासाला वरच्या खिडक्यांतून येशूच्या शिष्यांच्या मूर्ती फिरतात आणि बाजूचा सांगाडा दोरी ओढून घंटा वाजवतो. तेवढंच पाहायला दिवसभर लोकांची झुंबड उडते. पण या घड्याळाची खरी करामत तबकडीत आहे आणि ती चोवीस तास चालू असते. आतल्या छोट्या कड्यावर बारा राशी आहेत. सूर्य सध्या कुठल्या राशीत आहे, ते तिथे वाचता येतं. बाहेरच्या कड्यावरचे आकडे जुनी चेक वेळ दाखवतात. त्या पद्धतीत दिवस सूर्यास्तापासून मोजत. आपल्या पंचांगात तो सूर्योदयापासून धरतात, त्यामुळे हा हिशोब मराठी माणसाला चटकन कळतो. सकाळच्या शांततेत दहा मिनिटं समोर उभं राहून ही तबकडी नीट वाचा.

आता नजर जमिनीकडे वळवा. नगरभवनाच्या पूर्वेकडच्या भिंतीसमोर फरसबंदीत पांढऱ्या दगडाचे २७ क्रूस बसवले आहेत. २१ जून १६२१ रोजी हॅब्सबर्ग सम्राटाविरुद्धच्या उठावातल्या २७ पुढाऱ्यांना इथे जाहीरपणे मृत्युदंड दिला गेला. हे क्रूस लक्षात ठेवा, वर किल्ल्यात त्यांचा संदर्भ पुन्हा येणार आहे. चौकाच्या मध्यावरचा मोठा पुतळा यान हुस या धर्मसुधारकाचा आहे. त्याला १४१५ मध्ये जिवंत जाळलं गेलं आणि त्याला बरोबर ५०० वर्षं झाली तेव्हा, १९१५ मध्ये, हे स्मारक उभं राहिलं.

इथून कारलोवा गल्लीतून वळणं घेत चार्ल्स पुलाकडे निघा. पुलावर चढण्याआधी नदीकाठच्या दगडी भिंतीत एक दाढीवाल्या माणसाचा कोरीव चेहरा शोधा. लोक त्याला ‘ब्रादाच’, म्हणजे दाढीवाला, म्हणतात. पाणी त्याच्या दाढीपर्यंत कुठे आलं यावरून पूर्वी गावकरी पुराचा अंदाज बांधत.

पूल ५१६ मीटर लांब आहे आणि त्यावरून वाहनं जात नाहीत. राजा चार्ल्स चौथा याने १३५७ मध्ये त्याचा पाया घातला. त्यासाठी ९ जुलैच्या पहाटे ५ वाजून ३१ मिनिटांचा मुहूर्त काढला होता, अशी आख्यायिका आहे. वर्ष, दिवस, महिना आणि वेळ ओळीने लिहिली की आकडे १ पासून ९ पर्यंत चढतात आणि तसेच उतरतात: १-३-५-७-९-७-५-३-१. कठड्यांवर दोन्ही बाजूंना मिळून ३० मूर्ती आणि मूर्तिसमूह आहेत. सगळ्यांपाशी थांबू नका, दमून जाल. एक नीट पाहा: १६८३ मध्ये बसवलेली संत यान नेपोमुकची कांस्यमूर्ती. राजा वात्स्लाव चौथा याच्या हुकमावरून १३९३ मध्ये याला नदीत टाकण्यात आलं. मूर्तीखालच्या पट्टीवरचा काही भाग येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हातांनी घासून सोन्यासारखा चकाकतो, बाकीचा काळपट राहिला आहे. देवळातलं कासव जसं स्पर्शाने गुळगुळीत होतं, तशीच ही झळाळी आहे.

चढ ट्रामने, उतार पायी

पूल ओलांडला की माला स्त्राना हा भाग लागतो. इथून किल्ल्याकडे जाणारा रस्ता चढाचा आहे आणि उत्साहाच्या भरात बहुतेक जण तो चढायला घेतात. मग वर पोहोचेपर्यंत दम लागतो आणि उरलेला दिवस पाय ओढत जातो. त्यापेक्षा माला स्त्रानाच्या मुख्य चौकातून २२ नंबरची ट्राम घ्या, पोहोर्झेलेत्सच्या थांब्यावर उतरा आणि तिथून खाली चालत या. आई-वडील बरोबर असतील तर हा सल्ला अजिबात टाळू नका.

थांब्याजवळच ११४३ साली स्थापन झालेला स्त्राहोवचा मठ आहे. त्याच्या आवाराबाहेर येऊन उतारावर उभं राहिलं की नदी, पूल आणि सकाळी ज्या चौकातून निघालो त्याचे मनोरे, सगळं एका नजरेत येतं. इथे बसा. आपण कुठून आलो आणि पुढे कुठे जाणार आहोत, हे नकाशापेक्षा इथून चांगलं समजतं.

उतरत उतरत किल्ल्याच्या फाटकाशी या. प्रागचा किल्ला म्हणजे राजवाडे, चर्चं, अंगणं आणि गल्ल्यांची मोठी वस्तीच आहे. देशाच्या राष्ट्राध्यक्षांचं कार्यालयही इथेच आहे. फाटकाशी सुरक्षा तपासणी होऊ शकते, म्हणून पिशवी लहान ठेवा. अंगणांत फिरायला तिकीट लागत नाही. आतल्या इमारतींसाठी लागतं, पण त्यातलं सगळंच पाहायला हवं असं नाही. सेंट व्हायटस कॅथीड्रल मात्र चुकवू नका. १३४४ मध्ये सुरू झालेलं हे बांधकाम १९२९ मध्ये पूर्ण झालं. आत डाव्या बाजूला चित्रकार अल्फोन्स मुखाच्या रचनेची रंगीत काचांची खिडकी आहे. ऊन वर आल्यावर तिचे रंग खुलतात.

जुन्या राजवाड्याचं तिकीट काढलंत तर तिथली ती प्रसिद्ध खिडकीही दिसेल. २३ मे १६१८ रोजी बोहेमियातल्या प्रोटेस्टंट सरदारांनी सम्राटाच्या दोन अधिकाऱ्यांना आणि त्यांच्या सचिवाला तिथून खाली फेकलं. तिघेही वाचले, पण त्या घटनेतून युरोपात तीस वर्षांचं युद्ध पेटलं. १६२० मध्ये बंडखोर व्हाइट माउंटनच्या लढाईत हरले आणि पुढच्या वर्षी त्यांच्या पुढाऱ्यांना चौकात शिक्षा झाली. सकाळी पाहिलेले २७ क्रूस ते हेच. खिडकीपासून त्या क्रुसांपर्यंतचं हे अंतर स्वतः चालल्यावर इतिहासाचं ते पान वेगळं पाठ करावं लागत नाही.

किल्ल्यातून खाली नेरुदोवा रस्त्याने उतरा आणि दारांच्या वरच्या बाजूला पाहत चला. १७७० च्या सुमारास घरांना क्रमांक मिळेपर्यंत इथली घरं चिन्हांवरून ओळखली जात. ती चिन्हं अजून जागेवर आहेत: लाल कोकरू, सोनेरी नाल, व्हायोलिन तयार करणाऱ्यांच्या घरावर तीन व्हायोलिनं, आणि वरच्या टोकाशी दोन सूर्य. त्या दोन सूर्यांच्या घरात लेखक यान नेरुदा राहत असे, त्याच्यावरूनच रस्त्याला हे नाव पडलं. आता घरांवर दोन-दोन पाट्या दिसतील, एक लाल आणि एक निळी. लाल पाटी नोंदणीच्या क्रमांकाची, निळी रस्त्यावरच्या क्रमांकाची. पत्ता शोधताना निळी पाटी बघायची.

दुपारचं जेवण

मुख्य चौकातली आणि पुलाच्या तोंडाशी असलेली हॉटेलं टाळा; दोन गल्ल्या आत शिरा. सोमवार ते शुक्रवार बऱ्याच ठिकाणी अकरा ते दोनच्या दरम्यान ‘पोलेद्नी मेनू’, म्हणजे दुपारचं ठरावीक जेवण मिळतं. स्थानिक नोकरदार तेच जेवतात आणि ते स्वस्तही पडतं.

मेनूवरचे चार शब्द ओळखता आले पाहिजेत: ‘होव्येझी’ म्हणजे गोमांस, ‘वेप्रझोव्हे’ म्हणजे डुकराचं मांस, ‘कुरझेत्सी’ म्हणजे कोंबडी आणि ‘बेझ मासा’ म्हणजे मांस नसलेलं. ‘स्विच्कोवा’ हा तिथला मानाचा पदार्थ गोमांसाचा असतो. शाकाहारी माणसाला तळलेलं चीज आणि बटाटे सहज मिळतात. त्याला ‘स्माझेनी सीर’ म्हणतात. बटाट्याचं ‘ब्राम्बोराक’ हे धिरड्यासारखं लागतं, पण त्यात अंडं असतं. बटाट्याचं सूपही चांगलं, मात्र ते मांसाच्या पाण्यात शिजवलेलं नाही ना, हे विचारून घ्या. गोड आवडत असेल तर आलुबुखार किंवा जर्दाळू भरलेले ‘ओवोत्स्ने क्नेद्लीकी’ मागवा. तिथे ते जेवणातला मुख्य पदार्थ म्हणूनही खातात. रस्तोरस्ती ‘जुना प्राग’ म्हणून विकला जाणारा साखरेत घोळवलेला त्र्देलनीक खायला हरकत नाही, पण प्रागची परंपरा म्हणून खाऊ नका. त्याचं नाव स्लोव्हाकियातल्या स्कालित्सा गावाशी जोडलेलं आहे.

आत शिरताना ‘दोब्री देन’ आणि निघताना ‘द्येकुयी’ म्हणा. नमस्कार आणि धन्यवाद यांचे हे दोन शब्द पाठ असले की समोरच्या माणसाचा चेहरा सैल होतो. सेवा आवडली तर बिलाच्या दहा टक्क्यांच्या आसपास टिप देतात.

बाग, बेट आणि नाटकघर

जेवणानंतर तास-दीड तास काहीही ‘पाहायचं’ नाही. उन्हाळ्याच्या दिवसांत वॉलेनस्टाइन बाग विनामूल्य खुली असते. ही बाग ज्या सतराव्या शतकातल्या राजवाड्याची आहे, तिथे आता संसदेचं वरिष्ठ सभागृह भरतं. बागेत मोर मोकळे फिरतात. एका टोकाला गुहेतल्या ओघळलेल्या चुनखडीसारखी केलेली कृत्रिम भिंत आहे. बाकावर बसून तिच्याकडे बघत राहिलं की तिच्यात प्राण्यांचे आणि माणसांचे चेहरे दिसू लागतात. मुलं बरोबर असतील तर त्यांना ते शोधायला सांगा.

मग काम्पा या नदीतल्या बेटावरून दक्षिणेकडे चालत जा. उजवीकडे पेत्रशिनची टेकडी दिसते. तिच्या उतारावरून खाली येणारी दातेरी भिंत १३६०-६२ मध्ये चार्ल्स चौथा याने बांधून घेतली. तिला ‘भुकेची भिंत’ म्हणतात, कारण दुष्काळात उपाशी लोकांना काम आणि अन्न मिळावं म्हणून राजाने ती बांधायला काढली, अशी परंपरागत समजूत आहे. १९७२ च्या दुष्काळात आपल्याकडे निघालेली कामं ज्यांना आठवतात, त्यांना या भिंतीचा अर्थ वेगळा सांगायला नको.

पुढच्या पुलावरून नदी ओलांडली की समोर राष्ट्रीय नाटकगृह येतं. मराठी माणसाने इथे थांबलंच पाहिजे. हे नाटकगृह लोकवर्गणीतून उभं राहिलं आणि १८८१ मध्ये खुलं झालं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याला आग लागली. लोकांनी ४७ दिवसांत पुन्हा वर्गणी गोळा केली आणि १८८३ मध्ये ते नव्याने सुरू झालं. आत रंगमंचाच्या वरच्या बाजूला ‘राष्ट्राने स्वतःसाठी’ या अर्थाची ओळ कोरलेली आहे. संध्याकाळी प्रयोग असेल आणि तिकीट मिळालं तर पुढचा सगळा कार्यक्रम सोडून द्या.

नाटकगृहापासून सरळ जाणाऱ्या नारोद्नी रस्त्यावर एका कमानीखाली भिंतीतून बाहेर आलेले छोटे कांस्य हात दिसतात, खाली १७ नोव्हेंबर १९८९ ही तारीख. त्या दिवशी विद्यार्थ्यांचा मोर्चा पोलिसांनी इथे अडवून मारहाण केली आणि काही आठवड्यांत कम्युनिस्ट राजवट गेली. बसमधून हे हात दिसणं शक्यच नाही. जवळच १९०२ मध्ये सुरू झालेलं कॅफे लूव्र आहे. लेखक काफ्का तिथे येत असे आणि १९११-१२ मध्ये प्रागमध्ये शिकवत असताना आइन्स्टाइनही. कॉफी मागवा आणि हवा तितका वेळ बसा. तिथे उठवायला कुणी येत नाही.

संध्याकाळ

पुढे वेन्सेस्लास चौक. इथे बाटाची १९२९ मधली भव्य काचेची इमारत आहे. आपण पिढ्यानपिढ्या जिचे बूट शाळेत घालून गेलो, ती बाटा कंपनी १८९४ मध्ये याच देशातल्या झ्लीन गावी सुरू झाली. इमारतीच्या मागच्या बाजूला फ्रान्सिस्कन बाग आहे. गर्दीपासून दोन मिनिटांवर असूनही ती शांत असते.

पायांत अजून बळ असेल तर म्यूझेउम स्थानकावरून मेट्रोच्या सी मार्गाने दोन थांबे जाऊन विशेह्रादला उतरा. स्थानकापासून तिथल्या जुन्या गडापर्यंतची वाट सपाट आहे. तटावरून वल्टावेवरचा सूर्यास्त दिसतो. चर्चशेजारच्या दफनभूमीत संगीतकार ड्वोर्झाक आणि स्मेताना, सकाळच्या खिडकीचा चित्रकार मुखा आणि ज्याच्या नाटकातून ‘रोबो’ हा शब्द जगभर गेला तो कारेल चापेक यांच्या समाध्या आहेत.

काही इशारे

झेब्रा क्रॉसिंगवर मोटारी तुमच्यासाठी थांबतात, ट्राम थांबत नाही. तिला आधी जाऊ द्या. ट्राममध्ये, पुलावर आणि घड्याळासमोर पाकीटमारांपासून सावध राहा. पासपोर्ट आणि पैसे आतल्या खिशात ठेवा. यहुदी वस्तीतली सिनेगॉग आणि जुनी दफनभूमी पाहायची असेल तर शनिवार टाळा, त्या दिवशी ती बंद असतात. आणि ती या दिवसात कोंबू नका. पिंकास सिनेगॉगच्या भिंतींवर नाझींनी मारलेल्या सुमारे ७८,००० यहुद्यांची नावं लिहिलेली आहेत. ती घाईत पाहण्याची जागा नाही, तिच्यासाठी वेगळी सकाळ ठेवा.

पाऊस आला तर वेन्सेस्लास चौकाभोवतीच्या छताखालच्या गल्ल्यांचा आसरा घ्या. त्यातल्या लुत्सेर्ना पॅसेजमध्ये छताला उलटा टांगलेला घोडा आणि त्याच्या पोटावर बसलेला संत वात्स्लाव पाहायला मिळेल.

दुसऱ्या शहरात जाणार असाल तरी हेच नियम उपयोगी पडतात. गर्दीची जागा सकाळी आधी उरकायची, चढ वाहनाने आणि उतार पायी, दुपारी एक बाग, संध्याकाळी एक उंच जागा, आणि यादीतल्या निम्म्या गोष्टींवर आधीच काट मारायची. सहल कंपनीबरोबर जात असाल तर बुकिंग करतानाच विचारा, कार्यक्रमात एक पूर्ण मोकळा दिवस आहे का. नसेल तर एक शहर कमी असलेली सहल निवडा. आणि त्या दिवशी प्रागमध्ये असाल, तर गजर सकाळी सहाचा लावा.